वार्डाची रेषा मोहल्ल्यातून गेली, तर नेमके काय बिघडते?

प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीची प्रारूप प्रभागरचना लागली. नाल्याकाठचा मोहल्ला आजवर एकाच वार्डात होता, आता त्याचे तुकडे झाले आहेत. विचारणाऱ्या भावाचे म्हणणे, ‘मतदार तेच, उमेदवार तेच, मग रेषेने असा काय फरक पडते जी? आणि हरकत घेऊन काही होते, की नुसत्या तहसीलच्या चकरा?’

मी महसूल खात्यात नायब तहसीलदार होतो आणि निवडणुकीचे टेबल बरीच वर्षे माझ्याकडे होते. तेव्हा थोडे लांबण लावून सांगतो.

फरक पडतो, पण पारावर सांगतात तसा नाही. रेषा कोणाला निवडून आणत नाही. कोणाच्या दारात न जाता निवडून येता येईल, एवढेच ती ठरवते. ज्याच्या दारात जायची गरज नाही त्याची नाली पाच वर्षे तुंबलेली राहते. सत्ता म्हणतात ती गावपातळीवर इतकीच असते: सिमेंट रस्ता कोणाच्या गल्लीत, हातपंप कोणाच्या चौकात, घरकुलाच्या यादीत नाव वर की खाली.

आता आकडे मांडू. २०११ च्या जनगणनेत २४०० लोकसंख्या असलेले गाव धरा. दीड हजाराच्या वर आणि तीन हजारांपर्यंत वस्ती असली की नऊ सदस्य, म्हणजे तीन-तीन सदस्यांचे तीन वार्ड. वार्डाची सरासरी ८००. दहा टक्के खाली-वर चालते, म्हणजे ७२० ते ८८०. यात ६०० वस्तीचा एक मोहल्ला आहे. तो अख्खा एका वार्डात बसला तर त्या वार्डात तो पाऊण हिस्सा आहे. तिन्ही जागांचा निकाल मोहल्ल्याच्या समाजमंदिरातच लागतो. तोच मोहल्ला तीन वार्डांत दोनशे-दोनशे करून वाटला तर प्रत्येक ठिकाणी पाव हिस्सा. बाकीचे एकत्र राहिले तर नऊपैकी एकही जागा नाही. एक माणूस कमी झाला नाही, एकाचे मत फुटले नाही, तरी तीनाचे शून्य झाले.

वर आपल्याकडे वार्डातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात आणि मतदाराला तितकीच मते असतात: ‘अ’ जागेला एक, ‘ब’ला एक, ‘क’ला एक. जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जात नाहीत. वार्डात ज्या पॅनेलकडे शंभरातली एक्कावन्न माणसे, ते तिन्ही जागा घेऊन जाते आणि एकोणपन्नासवाले हात हलवत घरी येतात. म्हणून विधानसभेची रेषा थोडी सरकली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, ग्रामपंचायतीची एका गल्लीने सरकली तरी पाच वर्षे बोचते.

तरीही ‘मोहल्ला फोडला म्हणजे अन्याय झाला’ हे सरसकट मला मान्य नाही. मोहल्ला एकसंध राहिला की तीन सदस्य हक्काचे मिळतात, हे खरे. पण मग उरलेल्या दोन वार्डांतल्या सहा सदस्यांना तुमच्याकडे फिरकायचे कारण उरत नाही. नऊच्या ग्रामपंचायतीत बहुमत पाचाचे. तुमचे तिघे मासिक सभेत बसतात, हात वर करतात, हरतात आणि चहा पिऊन परत येतात. असे मोहल्ले मी पाहिले आहेत जिथे सदस्य कायमचे आहेत आणि चिखलही कायमचा. याउलट मोहल्ला दोन वार्डांत तीनशे-तीनशे असा गेला, तर दोन्हीकडे तो साडेसदतीस टक्के होतो. बाकीचे लोक एकगठ्ठा असतील तर हा आकडा काही कामाचा नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक गावांत कुणब्यांचे दोन पॅनेल असतात, तेली त्यात वाटलेले असतात, आणि दोन्ही पॅनेलच्या म्होरक्यांचे एकमेकांशी पोळ्याच्या बैलजोडीवरून फाटलेले असते. अशा ठिकाणी साडेसदतीस टक्केवाल्याला विचारल्याशिवाय सहा जागांचे पान हलत नाही. म्हणून मी आधी विचारीन की तुमच्या मोहल्ल्याचे तुकडे दोन झाले की तीन, आणि बाकीचे गाव एक आहे की दुभंगलेले. त्यावर हरकत घ्यायची की नाही हे ठरेल.

मोहल्ला अनुसूचित जातीचा असेल तर पेच आणखी वाढतो. गावाला अनुसूचित जातीच्या किती जागा मिळणार हे गावाच्या एकूण लोकसंख्येवर ठरते, रेषेने ते बदलत नाही. पण ती जागा कोणत्या वार्डात पडणार हे त्या वार्डातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरते. वस्ती तिन्हीकडे पातळ केली की राखीव जागा अशा वार्डात जाते जिथे चारातले तीन मतदार दुसरे असतात. उमेदवार तुमचा, निवडणारे ते. मग पॅनेलवाला शोधून शोधून असा माणूस उभा करतो जो सहीपुरता सभेला येईल आणि तोंड उघडणार नाही. बौद्धपुऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यातल्या ७१ जागांच्या ठिकाणी १४८ राखीव जागा आल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि निवडणारे सगळेच झाले. जागा वाढल्या, निवडणारे बदलले. तेच गणित गल्लीच्या मापात इथे चालते. राज्य निवडणूक आयोगाच्या सूचनांत म्हणूनच लिहिलेले असते की अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन होऊ नये. ‘शक्यतो’ या शब्दावर किती सुनावण्या फिरल्या असतील, ते विचारू नका.

सरपंच कसा निवडतात त्यावरही रेषेचे वजन कमी-जास्त होते. सदस्यांतून सरपंच निवडायचा असला की वार्डाची रेषा म्हणजे सर्वस्व. पाच सदस्य ज्याच्या खिशात, तो सरपंच. थेट निवडणुकीत अख्खे गाव एकच मतदारसंघ होते आणि त्या पदापुरती रेषा निकामी होते. २०१७ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. थेट सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशी गावे आता तालुक्या-तालुक्यात आहेत. तिथे उपसरपंच आणि ठराव दोन्ही सदस्यांच्या हातात राहतात, त्यामुळे वार्डांना पुन्हा भाव आलाच.

आता रेषा ओढतो कोण ते सांगतो, कारण लोकांना वाटते की मुंबईत बसून कोणी तरी ओढते. ग्रामपंचायतीच्या बाबतीत तसे नाही. तहसीलमध्ये गुगल अर्थवरून गावाचा नकाशा काढतात. तलाठी आणि ग्रामसेवक तो घेऊन गावात जातात, कोतवाल सोबत असतो. जनगणनेच्या प्रगणक गटांची, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या घरांच्या गटांची, लोकसंख्या हाताशी असते. वार्ड उत्तरेकडून सुरू करायचे, ईशान्येकडून पूर्वेला यायचे, मग पूर्व-पश्चिम सरकत दक्षिणेला संपवायचे. क्रमांकही त्याच ओळीने. नाला, रस्ता, रेल्वे रूळ अशा हद्दी धरायच्या, प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही. वाचताना वाटते की यात हातचलाखीला जागाच नाही. जागा असते. एक तर त्या दहा टक्क्यांत असते. दुसरी हद्दीच्या वर्णनात. प्रारूपात लिहिलेले असते: ‘उत्तरेस नाला, पूर्वेस पांदण रस्ता, दक्षिणेस अमक्याच्या घरापासून हनुमान मंदिरापर्यंतचा रस्ता.’ आता अमक्याचे घर धरून की सोडून? त्या रस्त्याच्या दोन्ही बाजू की एकच? त्यात तीस-चाळीस मते सहज लपतात, आणि ग्रामपंचायतीचा सदस्य तीस-चाळीस मतांनीच पडतो.

माझ्या पाहण्यात वरून फोन येऊन रेषा हलवल्याचे प्रकार कमी आणि खालून हलल्याचे जास्त. तलाठी नवीन असतो, त्याच्याकडे चार-पाच गावांचा साझा, गल्ल्या त्याला माहीत नाहीत. गावात शिरल्यावर जो माणूस सोबत फिरून घरे दाखवतो, त्याच्या सोयीने रेषा वळते. त्या दिवशी तुमच्या मोहल्ल्यातले सगळे कापूस वेचायला वावरात गेलेले असतात, आणि माजी सरपंचाकडे चहा असतो. कारस्थान म्हणावे तर इतकेच.

आकड्यांच्या जुनेपणाचा एक वेगळाच त्रास आहे. लोकसंख्या अजून २०११ चीच धरली जाते, कारण पुढची जनगणना लांबत गेली आणि आता ती २०२७ ची म्हणून व्हायची आहे. मधल्या काळात गावाबाहेर नवीन लेआउट पडले, घरकुलांच्या ओळी उभ्या राहिल्या, भंडाऱ्याकडे गोसीखुर्द धरणाच्या बुडित क्षेत्रातली गावे उठून पुनर्वसनाच्या गावठाणात गेली. कागदावर त्या जागी वस्तीच नाही. त्यामुळे हिशेबात ८०० चा असलेला वार्ड प्रत्यक्षात अकराशेचा भरतो आणि बाजूचा सातशेचा. तरीही प्रत्येकाला सदस्य तीनच. यावर हरकत घेऊन उपयोग होत नाही; अधिकृत जनगणनेखेरीज दुसरा आकडा अधिकाऱ्याला घेताच येत नाही.

लहान वस्त्यांचे दुखणे याहून खोल आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगावकडे कोलामांचे पोड असतात, पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे, गडचिरोलीत टोले. शंभर-दीडशे वस्तीचा पोड एका वार्डाइतका कधीच भरत नाही. रेषा कशीही फिरवा, तो कोणाच्या तरी शेपटाला बांधलेलाच राहतो. अशा ठिकाणी वार्डरचनेवर भांडण्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे उपाय आहे तो पेसाचा, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याचा आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांचा. अनुसूचित क्षेत्रातली वाडी, पाडा, टोला, पोड स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येते. वस्तीने ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. ग्रामपंचायत तीच राहते, पण ग्रामसभा आपली स्वतःची होते. गौण वनोपज, तलाव, गावाच्या वाट्याचा पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी यांवर मग आपल्याच पोडातल्या माणसांचे मत लागते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने हे नियम येण्याच्या कितीतरी आधी ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचे राज्य) म्हणत वस्तीची ग्रामसभा चालवली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतःच्या हाती घेतले. गट ग्रामपंचायतीत ते एक लहान गाव होते. वार्डाच्या हिशेबात त्याला हे कधी मिळाले नसते.

पेसाची रेषाही मात्र एक रेषाच आहे. अनुसूचित क्षेत्र ठरले १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. त्याच्या आत असलेल्या ग्रामपंचायतीचा सरपंच आदिवासीच. बाहेर दोन किलोमीटरवर आदिवासी बहुसंख्य असलेले गाव असले तरी त्याला यातले काही नाही. गडचिरोलीत ओबीसी आणि आदिवासी शेजाऱ्यांमध्ये नोकरभरतीवरून जी कटुता आहे, तिची निम्मी मुळे या हद्दीत आहेत.

वर जाऊ तसे हेच गणित मोठ्या मापात दिसते. जिल्हा परिषदेचा मतदारसंघ म्हणजे गट, त्यात पंचायत समितीचे दोन मतदारसंघ म्हणजे गण. २०२२ मध्ये एका सरकारने जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या किमान ५५, कमाल ८५ केली. सरकार बदलले आणि ती पुन्हा ५० ते ७५ वर आली. सदस्यसंख्या हलली की गट लहान-मोठे होतात आणि ज्याने दहा वर्षे एका पट्ट्यात लग्न-मयत सांभाळले, त्याची निम्मी गावे दुसऱ्याकडे जातात. तालुक्याच्या गावांना २०१४ नंतर नगरपंचायती मिळाल्या तेव्हाही असेच झाले. झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, कळंब, बाभूळगाव ही गावे ग्रामीणमधून निघाली, जिल्हा परिषदेचे मत गेले, रोजगार हमीचे काम गेले, आणि आजूबाजूच्या गटांचा केंद्रबिंदूच हरवला. नगरपंचायतीत सतरा वार्ड आणि प्रत्येकी एक सदस्य. तिथे वर सांगितलेले तीन मतांचे गणित लागू होत नाही.

विधानसभा आणि लोकसभेच्या रेषा २००८ च्या पुनर्रचनेतल्या आहेत, २००१ च्या जनगणनेवर काढलेल्या. महाराष्ट्राच्या २८८ जागा तशाच राहिल्या, पण मुंबई-ठाणे-पुण्याकडे माणसे वाढली म्हणून विदर्भाच्या ६६ वरून ६२ झाल्या आणि लोकसभेच्या ११ वरून १०. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा मतदारसंघ दिग्रसमध्ये विरला, केळापूर जाऊन आर्णी आला, आठाचे सात झाले. भंडाऱ्यात लाखांदूर गेला. अमरावतीत वलगाव गेला. लोकसभेत तर उमरखेड तालुका हिंगोलीला जोडला आहे, म्हणजे यवतमाळच्या माणसाचा खासदार मराठवाड्यात निवडला जातो. वणी आणि आर्णी चंद्रपूरकडे, मलकापूर रावेरकडे. गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून तेलंगणाच्या काठावरच्या सिरोंचापर्यंत पसरला आहे, तीनशे किलोमीटरहून लांब, तीन जिल्ह्यांत. अनुसूचित जमातीची जागा भरायला आदिवासी पट्टे एकत्र गुंफावे लागले, हे कारण समजते. पण सिरोंच्याच्या माणसाला आमगाव कुठे आहे हे नकाशात शोधावे लागते, आणि खासदाराला दोन्ही टोके एका आठवड्यात गाठता येत नाहीत. मग तो मधल्या गडचिरोली-आरमोरी पट्ट्यातच जास्त दिसतो. त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही.

वेगळ्या विदर्भाच्या वादात मी इथे शिरत नाही. एवढेच नोंदवतो की फाजल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळे राज्य सुचवले होते, विदर्भाने महाराष्ट्रात यावे यासाठीचा नागपूर करार त्याआधी १९५३ मध्ये झाला होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. त्या दिवसापर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. आज विधानसभेत दर पाच आमदारांत जेमतेम एक आपला असतो, आणि ‘कोणाला न विचारता बहुमत जमते’ हा हिशेब तिथेही तोच आहे.

रेषा मुळीच पक्की नसली तर काय होते ते पाहायचे असेल तर चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली तेलंगणाच्या सीमेवरची चौदा गावे पाहा. दोन्ही राज्यांचा दावा, दोन्हीकडची रेशनकार्डे, दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत नावे, शाळाही दोन्ही सरकारांच्या. बाहेरच्याला गंमत वाटते. तिथल्या शेतकऱ्याला जमिनीचा पट्टा हवा असतो तेव्हा मात्र दोन्ही सरकारे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता तुमच्या हरकतीकडे येतो. घ्या, पण नीट घ्या. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर मुदत थोड्याच दिवसांची असते. हरकत तहसीलला द्यायची, सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे होते, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. जिल्हा परिषदेच्या गट-गणांचा निर्णय विभागीय आयुक्तांकडे असतो. एकदा अंतिम झाले की कोर्टात फारसे चालत नाही. घटनेच्या कलम २४३-ओ मुळे न्यायालये यात सहसा हात घालत नाहीत. म्हणजे जे काही करायचे ते त्या मुदतीतच.

‘आमच्यावर राजकीय हेतूने अन्याय झाला’ असे लिहिलेले अर्ज मी गठ्ठ्यांनी पाहिले आहेत. अधिकारी त्यावर ‘तथ्य नाही’ एवढेच लिहितो, कारण हेतू तपासायचे साधन त्याच्याकडे नसते. नकाशाची प्रत आणि प्रगणक गटनिहाय लोकसंख्येचा तक्ता मागून घ्या. मग लिहा की अमुक प्रगणक गट फोडला आहे, नाला ही नैसर्गिक हद्द सोडून रेषा गल्लीतून नेली आहे, त्यामुळे अनुसूचित जातीच्या वस्तीचे विभाजन झाले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पर्याय द्या. तुमची दुरुस्ती केल्यावर तिन्ही वार्डांची लोकसंख्या किती होते आणि ती ७२० ते ८८० च्या आत कशी बसते, हे अर्जातच मांडा. सहाशेचा मोहल्ला एकत्र ठेवायचा म्हणाल तर त्याच्या जोडीला १२० ते २८० माणसे कुठली घेणार, हेही तुम्हीच सांगा. तयार हिशेब समोर असला की अधिकाऱ्याला दुरुस्ती करणे सोपे जाते. नसला तर नामंजूर करणे सोपे जाते. सुनावणीला पन्नास माणसे नेऊ नका. नकाशा वाचता येणारे दोघे पुरेत, आणि त्यातली एक बाई असली तर उत्तम, कारण गल्लीतले कोणते घर कोणाचे हे त्यांना जास्त नेमके माहीत असते.

रचना मनासारखी झाली तरी तिथे थांबू नका. विधानसभेचीच मतदारयादी वार्डनिहाय फोडून ग्रामपंचायतीची यादी करतात, आणि ती फोडताना अख्खी गल्ली चुकीच्या वार्डात पडते. रेषा बरोबर, नावे भलतीकडे. त्या प्रारूप यादीवर हरकतीची मुदत वेगळी असते. यादी हातात आली की मोहल्ल्यातल्या पोरांना घेऊन घर क्रमांकानुसार एका संध्याकाळी तपासून टाका. त्या टप्प्यावर फक्त वार्डाची चूक दुरुस्त होते, नवीन नाव घालता येत नाही. ज्यांची नावेच नाहीत त्यांनी आधीच बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) अर्ज भरून विधानसभेच्या यादीत नाव आणलेले असावे लागते.